मधलं पाणी

लग्न होऊन मी त्या घरात आले तेव्हा पहिले पंधरा दिवस मला वाटायचं, आपण जहाजात राहतोय. खाली बर्फाचा कारखाना आणि वर आम्ही. कंप्रेसर कधी बंद नसायचा, त्यामुळे जमिनीला सतत एक बारीक थरथर असायची. पेल्यातल्या पाण्यावर गोल कडी उमटायची आणि विरून जायची. कपाटातल्या बश्या आपसात काहीतरी कुजबुजत बसायच्या. दुपारी जरा पाठ टेकली की ती घरघर पाठीतून अंगात शिरायची आणि मला स्वप्न पडायचं की मी कुठेतरी चालले आहे, पण पाय हलवावे लागत नाहीत.

माझ्या नणंदेला मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते खाली, कारखान्यात. बाहेर अंगाची लाही होत होती आणि या बाई अंगात दोन स्वेटर, पायात गुडघ्यापर्यंत गमबूट आणि डोक्याला घट्ट रुमाल अशा उभ्या. जमिनीत खोदलेला मिठाच्या पाण्याचा लांबलचक हौद, त्यात ओळीनं सोडलेले लोखंडी डबे, डब्यांवर लाकडी झाकणं. त्या झाकणांवरून त्या चालत होत्या आणि मधूनच थांबून एखादं झाकण उचलून आत बघत होत्या. हौदावर पांढरी वाफ तरंगत होती. त्यात त्यांचे पाय दिसतच नव्हते. मी दारातच थबकले. त्यांनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि पहिलंच वाक्य बोलल्या ते असं, "इकडे ये, तुला एक गंमत दाखवते."

त्या माझ्या नवऱ्याहून सहा वर्षांनी मोठ्या. तो त्यांना ताई म्हणायचा, म्हणून मीही ताई म्हणायला लागले. पुढे तर अख्खं गावच म्हणायला लागलं. वडिलांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा त्या चोवीस वर्षांच्या होत्या. माझा नवरा अजून शिकत होता. बाबांचा उजवा हात आणि अर्धी जीभ गेली, आणि ताईंनी दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचेच गमबूट घातले. ते दोन अंकांनी मोठे होते. टाचेला कापूस कोंबून त्यांनी ते वर्षभर वापरले. स्थळं आली तशी गेली. आलेल्यांपैकी एकानं विचारलं होतं की लग्नानंतर हे सोडणार ना, तर ताई म्हणाल्या होत्या, काय सोडणार ते नीट सांगा, मग बघते. तो बिचारा चहा संपवून गेला.

त्या दिवशी त्यांनी मला दाखवलेली गंमत अशी. डब्यातलं पाणी कडेनं गोठत आत येतं. गोठताना स्वच्छ पाण्याचा तेवढा बर्फ होतो आणि पाण्यातला गाळ, क्षार, हवा, जे काही नको असलेलं असतं, ते मागे सरकत सरकत मध्यभागी गोळा होतं. सगळ्यात शेवटी मधलं पाणी उरतं, पेन्सिलीएवढं. ते तसंच गोठू दिलं तर लादीच्या पोटात पांढरट धूसर रेघ दिसते. म्हणून अगदी शेवटी एक नळी घालून ते मधलं पाणी ओढून काढायचं आणि तिथे ताजं पाणी भरायचं. मग लादी आरशासारखी होते.

"सगळे वरून बघतात," ताई म्हणाल्या. "वरून सगळ्या लाद्या सारख्याच."

मी मान डोलावली. खरं सांगायचं तर माझी बोटं बधिर झाली होती आणि कधी एकदा वर जाते असं झालं होतं.

*

त्या राजकारणात गेल्या त्याला एक उन्हाळा कारण झाला. त्या वर्षी वीजकेंद्राला आग लागली आणि गावात नऊ दिवस वीज नव्हती. उकाडा असा की रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटायचं. आमच्याकडे बाबांच्या काळातलं डिझेलचं इंजिन होतं, ते भंगारात काढायचं म्हणून तीन वर्षं नुसतं बोलणंच चाललेलं. मशीनकाकांनी, म्हणजे बाबांच्या वेळेपासूनच्या आमच्या फिटरनं, ते दीड दिवसात चालू केलं. गावात फक्त आमच्याकडे बर्फ तयार होत होता.

आमचं सगळं गिऱ्हाईक म्हणजे मासेमारीच्या बोटी. धक्क्यावर अकरा बोटींचा एक मालक होता, त्याला सगळे बोटवाला म्हणायचे. तो पहाटेपासून दारात उभा होता आणि दुप्पट-तिप्पट द्यायला तयार होता. ताईंनी एकही लादी धक्क्याकडे सोडली नाही. पहिला ट्रक इस्पितळात गेला, दुसरा रक्तपेढीत, तिसरा लशींच्या गोदामात. मग त्यांनी गावाचा नकाशा टेबलावर पसरला आणि कुठल्या गल्लीत म्हातारी माणसं एकेकटी राहतात ते पोस्टमनला विचारून खुणा केल्या. माझा नवरा ट्रक चालवत होता आणि मी मागे बसून पोत्यात गुंडाळलेले तुकडे दारोदारी देत होते. ते नऊ दिवस मला आजही सलग आठवत नाहीत. आठवतात ती नुसती उघडणारी दारं, आतला अंधार, आणि बर्फ दोन्ही हातांत घेऊन गालाला लावणारी माणसं. एक आजोबा तर तुकडा मांडीवर घेऊन, जणू मांजर असावं तसे कुरवाळत बसले होते.

बोटवाला म्हणाला होता, मासे सडतील. ताई म्हणाल्या होत्या, सडू देत, मासे परत मिळतील. हे त्यानं मनात ठेवलं. त्याच्या जागी मी असते तर मीही ठेवलं असतं. त्याच्या बोटींवर ऐंशी घरं चालत होती.

दीड वर्षानं निवडणूक आली तेव्हा दोन पक्षांचे लोक एकाच आठवड्यात आमच्या जिन्यावरून वर येऊन गेले. ताईंनी दोघांनाही चहा दिला आणि अपक्ष उभ्या राहिल्या. भाषणं त्यांना जमायची नाहीत. वाक्य अर्ध्यावर सोडून त्या समोरच्या भिंतीकडे बघत राहायच्या. लोकांना वाटायचं विसरल्या. त्या विसरलेल्या नसायच्या, पुढचं खरं आहे का ते तपासत असायच्या. विरोधकांनी सभेत टिंगल केली की डोक्यावर बर्फ ठेवून बसलेल्या बाईला मत देऊन काय उपयोग. ती टिंगल उलटली. उकाड्यानं बेजार झालेल्या गावाला डोक्यावर बर्फ म्हणजे काय ते ठाऊक होतं. तीनशे बारा मतांनी ताई आमदार झाल्या.

*

पहिली दोन वर्षं त्या सभागृहात एक अक्षर बोलल्या नाहीत. वर्तमानपत्रानं 'मुक्या आमदार' म्हणून चौकट छापली. माझ्या नवऱ्याच्या जिवाला लागलं, त्यानं ती चौकट फाडून चुलीत घातली. मी ताईंना विचारलं, तुम्ही तिथे दिवसभर करता तरी काय? त्या म्हणाल्या, ऐकते.

कधीकधी शनिवारी त्या घरी आल्या की मला तिथलं सांगायच्या. उंच छताखाली लांब खिडक्या आहेत. दुपारी तीननंतर त्यातून ऊन तिरकं येतं, आणि मग खाली बसलेली माणसं पाण्याखाली बसल्यासारखी दिसतात, तोंडं हलतात आणि आवाज उशिरा पोहोचतो. एकमेकांवर धावून जाणारे दोघे बाहेर आले की एकाच आरशात केस विंचरतात. एका म्हाताऱ्या सदस्याला रोज चार वाजता झोप लागते आणि मतदानाच्या घंटेला जाग येऊन तो आधी हात वर करतो, मग विषय विचारतो. हे सांगताना त्यांच्या आवाजात टिंगल नसायची. एखाद्यानं दूरच्या गावाचं वर्णन करावं तसं त्या सांगायच्या, आणि ऐकता ऐकता मलाही वाटायचं की तिथे खरंच पाणी आहे.

त्या दोन वर्षांत त्या वाचत होत्या. जेवणाच्या टेबलावर विधेयकांचे गठ्ठे, हातात लाल पेन्सिल. विधेयकाची सुरुवात आणि शेवट त्या सोडून द्यायच्या. म्हणायच्या, कडेचं सगळं स्वच्छच असतं. त्या मधून वाचायला लागायच्या.

मग एकदा भाडेकरूंना संरक्षण देणारं विधेयक आलं. सगळे बाकं वाजवायला तयार होते. ताई उठल्या. सभागृहात म्हणे आधी शांतता पसरली आणि मग हशा, कारण कोणाकोणाला वाटलं त्या बाहेर चालल्यात. त्यांनी सतरावं कलम, तिसरं पोटकलम वाचलं. त्यात म्हटलं होतं की अमुक एका नोंदवहीत ज्याचं नाव नाही तो भाडेकरू समजला जाणार नाही. त्यांनी विचारलं, ही नोंदवही शेवटची कधी उघडली गेली? मंत्र्यांनी अधिकाऱ्यांकडे पाहिलं, अधिकाऱ्यांनी छताकडे. ताईंनीच सांगितलं, एकोणीस वर्षांपूर्वी. आमच्या गावातली निम्मी घरं त्यानंतर भाड्यानं गेली होती. चार मिनिटांत त्या खाली बसल्या. आठवड्याभरात ते पोटकलम गेलं.

त्यानंतर त्यांचा एक दबदबा झाला. मंत्री मसुदा करून आले की सचिव हळूच विचारायचे, ताईंनी वाचलंय का? दुसरी निवडणूक त्या आठ हजारांनी जिंकल्या, तिसरी सतरा हजारांनी. मंत्रिपद एकदा विचारलं गेलं. त्या म्हणाल्या, मग मला माझंच लिहिलेलं वाचावं लागेल, आणि ते कोणाला नीट वाचता येतं?

घरी कारखाना माझ्या नवऱ्याच्या हाती आला होता. त्याच्यात ताईंची करामत नव्हती, पण माणसांना धरून ठेवायची हातोटी होती. बावीस कामगार होते, त्यातल्या कोणाच्या मुलीला कुठला ताप येतो हेही त्याला पाठ. त्यानं बोटवाल्यालाही परत जोडलं. बाबा वर खिडकीपाशी खुर्चीत बसलेले असायचे. मशीन देखभालीसाठी तासभर जरी थांबलं तरी ते झोपेतून दचकून उठायचे आणि डाव्या हातानं जमीन चाचपायचे.

*

तिसऱ्या खेपेच्या मध्यावर दुसऱ्या एका गावात बर्फाच्या कारखान्यात, गारव्यासाठी वापरतात त्या अमोनिया वायूची नळी फुटली. तीन कामगार गेले. शेजारच्या घराच्या गच्चीत कपडे वाळत घालणारी एक बाई गेली. कारखान्याची आणि शाळेची भिंत एकच होती. मुलं त्या वेळी मैदानावर होती म्हणून वाचली. ताई समितीबरोबर तिथे जाऊन आल्या. घरी आल्या आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून राहिल्या. मी पाणी दिलं, ते हातातच राहिलं.

"अगं, दोरीवर अजून कपडे आहेत," एवढंच त्या म्हणाल्या.

समितीच्या अध्यक्ष त्याच झाल्या. पाच महिन्यांनी विधेयक तयार झालं. वस्तीपासून दोनशे मीटरच्या आत असा कारखाना चालवता येणार नाही, असलेल्यांनी दीड वर्षात हलायचं. सकाळच्या चहाला त्यांनी माझ्या नवऱ्याला स्वतःच सांगितलं, आपला यात येतो. त्याला आधी थट्टा वाटली. मग तो म्हणाला, जुन्यांना सूट असेलच की. त्या म्हणाल्या, मी ठेवलेली नाही.

तो उठला, बश्या ठेवायच्या कपाटापाशी गेला आणि कारण नसताना त्याचं दार उघडलं नि लावलं. हलायचं म्हणजे नवी जागा, नवी यंत्रं, गावाबाहेर कामगारांची ये-जा. शक्य होतं, पण त्याला ते डोळ्यांसमोर दिसत नव्हतं. आणि मलाही दिसत नव्हतं, हे कबूल करायला हवं.

पुढची गोष्ट मला अजून टोचते. महिन्याभरानं माझा नवरा इतर गावांतल्या अशाच कारखानदारांबरोबर उद्योगमंत्र्यांना भेटून आला. मंत्री आनंदानं तयार झाले. ताई आपल्या उपकाराखाली आल्या तर त्यांना हवंच होतं. चाळीस वर्षांहून जुन्या कारखान्यांना कायदा लागू नाही अशी दुरुस्ती तेच आणणार होते. हे मला माहीत होतं. नवऱ्यानं ताईंना सांगू नकोस म्हटलं आणि मी तोंडात मूग गिळून बसले. तीन आठवडे ताई माझ्यासमोर बसून जेवत होत्या.

चर्चेच्या दिवशी आम्ही दोघं प्रेक्षकांच्या गॅलरीत होतो. मी सभागृह पहिल्यांदा बघत होते. तिरकं ऊन खरोखरच आलेलं होतं. मंत्र्यांनी दुरुस्ती मांडली, जुने उद्योग, बुजुर्गांचे कष्ट असं बरंच चांगलं बोलले. आजूबाजूचे लोक माना डोलावत होते. मग ताई उठल्या. त्यांच्या हातात एकच कागद होता.

"अध्यक्ष महोदय," त्या म्हणाल्या, "या दुरुस्तीनं सोळा कारखाने वाचतात. त्यातला एक माझ्या वडिलांचा आहे. तसा अर्ज मंत्र्यांकडे गेला, त्यावर माझ्या भावाची सही आहे. तो वर बसलाय. तो वाईट माणूस नाही. त्याच्यावर बावीस घरं अवलंबून आहेत आणि त्याला त्या प्रत्येक घराची काळजी आहे. यात माझा स्वार्थ आहे, म्हणून मी मत देणार नाही. फक्त एक माहिती देते. ज्या कारखान्यात चार माणसं गेली, तो बेचाळीस वर्षांचा होता. ही दुरुस्ती आधी असती, तर त्यालाही सूट मिळाली असती."

मग त्या वाक्य अर्ध्यावर सोडतात तशा थांबल्या. सगळ्यांना वाटलं, अजून काही आहे. त्या भिंतीकडे बघत होत्या. शेवटी त्यांनी कागदाची घडी घातली, अध्यक्षांना मान लववून नमस्कार केला आणि सभागृहाबाहेर निघून गेल्या. मतदान त्यांच्यामागे झालं. दुरुस्ती नऊ मतांनी पडली.

माझ्या नवऱ्याचे हात कठड्यावर होते. मी त्याच्या हातावर हात ठेवला तर तो बर्फासारखा गार लागला. तो हळूच म्हणाला, "तिनं मला वाईट नाही म्हटलं." पण त्याच्या आवाजात समाधान नव्हतं. ती जखमच होती.

*

त्यानंतर चौदा महिने बहीणभाऊ एका घरात राहून एकमेकांशी बोलले नाहीत. मी दोन खोल्यांमधलं टपालखातं झाले. "तुझ्या आमदारांना सांग, नळाला पाणी आलंय." "त्याला सांग, मला माहीत आहे." दोघंही ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं बोलायचे, मी फक्त मान इकडून तिकडे फिरवायची. बाबांना सगळं समजत होतं. ते एकदा अर्ध्या जिभेनं म्हणाले, दोघंही माझ्यावर गेलेत. मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

कारखाना बंद झाला तो एका मंगळवारी, सकाळी अकराला. शेवटची लादी यारीनं उचलली, डबा सुटावा म्हणून साध्या पाण्यात बुडवली, घसरगुंडीवरून खाली आली. मशीनकाकांनी तिच्यावर बोटाची गाठ आपटून कान लावला, म्हणाले, चांगली आहे. मग त्यांनी खटका ओढला.

शांतता म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. आवाज थांबला नाही, तो आटत गेला. वर येऊन पाहिलं तर पेल्यातलं पाणी सपाट होतं. इतकं सपाट की ते पाणी आहे की काच ते समजेना. बाबा जागे होते आणि डाव्या हातानं जमीन चाचपत होते.

त्यांची झोप उडाली. दुपारी मिटल्यासारखे डोळे मिटायचे आणि पाच मिनिटांत उघडायचे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्यांनी त्या उशीखाली साठवल्या. तेव्हा ताईंनी एक युक्ती केली. अधिवेशन नसलं की रोज दुपारी दोन वाजता त्या बाबांच्या खुर्चीशेजारी बसायच्या आणि सभागृहाचं छापील कामकाज वाचायच्या, एका सुरात, न थांबता. माननीय सदस्यांनी असं म्हटलं, माननीय मंत्री असं म्हणाले, मध्येच 'हशा', मध्येच 'गोंधळ', 'अध्यक्ष: कृपया शांत राहा'. तेही त्या त्याच सुरात वाचायच्या. बाबा दुसऱ्या पानाला झोपायचे. पलीकडच्या खोलीत माझा नवरा दार थोडं उघडं ठेवून बसलेला असायचा. हिशोब पाहतोय असं दाखवायचा, पण पान उलटल्याचा आवाज मला कधी आला नाही. एकदा मी डोकावले, तर तोही खुर्चीत मान टाकून झोपला होता.

निवडणूक आली. समोर बोटवाला उभा राहिला. त्याच्याकडे सांगायला साधं आणि खरं होतं. बर्फ आता बावीस किलोमीटरवरून येतो, तो धक्क्यापर्यंत निम्मा वितळतो, आणि हे कोणामुळे झालं? ताई दारोदार फिरल्या. लोकांनी त्यांना बसवलं, चहा दिला, कायदा बरोबरच होता असंही म्हटलं. आणि मत दुसरीकडे दिलं. आमचे जुने कामगारही त्यात असतील. मी कोणाला विचारलं नाही.

पुढचं थोडक्यात सांगून टाकते. माझ्या नवऱ्यानं गावाबाहेर माळावर नवा कारखाना काढला, लहान, पण सगळा नवा. जुन्यांपैकी चौदा जण त्याच्याकडे परतले. ताई पुन्हा कधी उभ्या राहिल्या नाहीत. बोटवाला आमदार झाला. पहिल्याच अधिवेशनाआधी विधेयकांचा गठ्ठा घेऊन तो आमचा जिना चढला. म्हणाला, यातलं मला मेलं काही समजत नाही, तुम्ही तेवढी लाल पेन्सिल फिरवून द्या. ताईंनी फिरवून दिली, आणि पुढे दहा वर्षं देत राहिल्या. बाबा तिसऱ्या हिवाळ्यात गेले, खुर्चीत, झोपेतच. या सगळ्याला आता बरीच वर्षं झाली.

पण माझ्या मनात सगळ्यात लख्ख राहिली आहे ती निकालाची दुपार.

मोजणी एका शाळेच्या मोठ्या हॉलमध्ये होती. बारा वाजेपर्यंत कळून चुकलं होतं. आम्ही घरी रेडिओजवळ होतो. माझा नवरा उठला, खुंटीवरची किल्ली घेतली आणि मला म्हणाला, चल. कुठे ते मी विचारलं नाही. रिकामा ट्रक घेऊन आम्ही त्या शाळेपाशी गेलो. बाहेर बोटवाल्याच्या माणसांची गर्दी, गाड्याच गाड्या, कुणी कुणाला उचलून घेतलेलं. त्या गर्दीत आमचा ओबडधोबड ट्रक घुसला तसे लोक बाजूला झाले.

ताई मागच्या दारानं एकट्या बाहेर आल्या. हातात पिशवी. ट्रक पाहून थांबल्या. माझ्या नवऱ्यानं आतून हात लांब करून दार उघडलं.

"चल, ताई," तो म्हणाला.

चौदा महिन्यांतलं ते त्याचं पहिलं वाक्य होतं.

"मी चालत येईन रे," त्या म्हणाल्या.

"पायात चपला कुठल्या घातल्यास बघ. बस."

त्यांनी खाली पाहिलं. एका पायात काळी आणि एका पायात तपकिरी चप्पल होती. पहाटे घाईत घातली असेल, आणि अख्खी सकाळ मोजणीच्या टेबलांमधून तशाच फिरत होत्या. त्या खुदकन हसल्या आणि वर चढल्या. मी मध्ये सरकले.

गाडी सुरू होऊन दोन मिनिटं झाली नसतील, त्यांचं डोकं काचेला टेकलं. मग एका खड्ड्यात ते माझ्या खांद्यावर आलं. त्या गाढ झोपल्या होत्या, तोंड थोडं उघडं, हातातली पिशवी घट्ट. माझ्या खांद्याला त्यांचा श्वास लागत होता. आमच्या घराचं वळण आलं आणि माझा नवरा वळला नाही. मला वाटलं, लक्ष नाही. मी त्याच्याकडे पाहिलं, तो समोर बघत होता. आम्ही धक्क्यावरून गेलो, बाजारामागून गेलो, इस्पितळाच्या लांब भिंतीकडेनं गेलो आणि परत त्याच वळणाशी आलो. तो पुन्हा सरळ गेला. दुपार असल्यामुळे रस्ते रिकामे होते, झाडांच्या सावल्या काचेवरून सरकत होत्या, ताईंच्या चेहऱ्यावरून सरकत होत्या.

तिसऱ्या फेरीला मी हळूच म्हटलं, बाबा वाट बघत असतील.

"असू देत," तो म्हणाला. "झोपू दे तिला."

पुढे रस्त्यावर एक बारीक उंचवटा होता. त्यानं आधीच गाडी हळू केली, गचका बसू नये म्हणून दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं आणि मागची चाकं एकेक करून सावकाश उतरवली.